सबब अमान्य

हिशेब लिहिणे ही एक उपासना आहे, अशी मधुसूदन हसबनीस यांची श्रद्धा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण त्यांच्या टेबलापाशी उभे राहणाऱ्याला ती आपोआप समजत असे. कोल्हापूरजवळच्या शिरोली वसाहतीत तापलेले लोखंड साच्यांत ओतून पंपांचे आणि ट्रॅक्टरांचे भाग घडवणारी एक फाउंड्री होती. तिच्या लेखाविभागाचे ते प्रमुख होते. बाहेर भट्टीचा धगधगाट चाले, आत त्यांच्या खोलीत देवघरासारखी शांतता असे. एखादे व्हाउचर नियमांत बसले नाही तर ते नुसते परत पाठवणे त्यांना अशिष्ट वाटे. नाकारलेल्या माणसाला कारण कळले पाहिजे, असे ते म्हणत. म्हणून प्रत्येक नकाराखाली ते आपल्या हाताने दोन ओळींचा शेरा लिहीत, आणि तो शेरा नेहमी दोनच शब्दांवर संपे: सबब अमान्य.

हे शब्द त्यांच्या वडिलांचे; ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’. वडील भूमापन कचेरीत होते. जुन्या दफ्तरी भाषेतले त्यांचे शब्द मुलाने एखाद्या शाळिग्रामासारखे जपून ठेवले होते. कामगार मात्र पाठीमागे हसबनीसांना ‘सबबसाहेब’ म्हणत.

अशा या माणसाच्या टेबलावर एके दिवशी एक चष्मा येऊन पडला.

फाउंड्रीच्या मालकांचे चिरंजीव संग्राम घोरपडे परदेशातून शिकून आले होते. त्यांनी स्वतः तो आणून दिला. “काका, डोळ्यांना आरामबी मिळतोय, आणि कंपनीला एक शिष्यबी मिळतोय. घालून तर बघा.”

त्या शिष्याचे नाव साक्षी असे ठेवले होते. आपल्याकडे साक्षी म्हणतात तो केवळ पाहणाऱ्याला. तो कर्म करीत नाही आणि फळही भोगीत नाही. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

या यंत्रामागचा शोध समजायला अवघड नाही. बेरजा-वजाबाक्या आणि कायद्यातली कलमे यंत्रे केव्हाच शिकली होती. परंतु लेखापालाचे खरे मोल नियम संपतात तेथे सुरू होते. दोन पावत्या सारख्याच निर्दोष दिसतात, आणि तरीही जाणत्याची नजर एकीवर अडखळते. का अडखळली, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. आता, डोळ्यातील बाहुली काही केवळ उजेडानेच लहानमोठी होत नाही. मन एखादा भार उचलू लागले, दोन गोष्टी तोलू लागले, की तीही किंचित विस्तारते. संशय जिभेवर येण्यापूर्वी दृष्टीत येतो. नजर कोठे थांबली, मागे कोठे वळली, बाहुली केव्हा फुलली आणि केव्हा निवांत झाली, हे सगळे त्या चष्म्याच्या काचा टिपीत असत. अशा असंख्य अडखळण्यांतून यंत्राला एका माणसाचा विवेक शिकता येतो, असे आढळून आले होते.

हसबनीसांनी करारपत्र आपल्या पद्धतीने, एकेक शब्द उलटून पालटून वाचले. शिक्षकाने हेतुपुरस्सर चुकीचे शिकवल्यास त्याची सेवा त्याच दिवशी समाप्त होईल, असे त्यात होते. ते त्यांना योग्यच वाटले. त्यांनी फक्त एका कलमाची भर घालायला लावली: कोणाची नोकरी जाईल असा कोणताही निर्णय साक्षीने त्यांच्या संमतीवाचून अंतिम करू नये. हाताखालच्या कारकुनांची त्यांना काळजी होती. संमती देण्यासाठी सही करावी किंवा मान हलवावी लागणार नव्हती. मजकूर वाचताना नजर कोठेही न अडता शेवटपर्यंत गेली आणि बाहुली निवांत राहिली, म्हणजे संमती झाली.

वर्षभर त्यांनी तिला मनापासून शिकवले. नुसते पाहून थांबत नसत, पुटपुटत कारणेही सांगत. “हे बघ, सही ठीक आहे, पण शाई दोन ठिकाणी वेगळी आहे.” एका सकाळी साक्षीने एक बिल आपणहून परत केले आणि खाली शेरा लिहिला. शेवटी तेच दोन शब्द होते. हसबनीसांनी तो शेरा पुन्हा एकदा वाचला. दुपारी त्यांनी विभागात पेढे वाटले.

जानेवारीत संग्रामांनी त्यांना बोलावले.

“बसा, काका. चहा सांगू का?”

“नको. मार्चअखेरची तयारी चालू आहे.”

“त्याबद्दलच बोलायचंय. मार्चअखेर तुम्हीच करा. शेवटची ताळेबंदाची सही तुमचीच पाहिजे. त्याच्यापुढं मात्र...” संग्रामांनी टेबलावरचा कागदवजनाचा लोखंडी घोडा फिरवला. “त्याच्यापुढं साक्षी आहेच की.”

“आणि मी?”

“तुम्हीबी आहातच की तिच्यात.” संग्राम हसले, आणि ते हसणे मनापासूनचे होते. “खरं सांगू काका? लोक रिटायर होऊन जातात. तुम्ही कुठं जाताच नाही!”

हसबनीसांचे वय तेव्हा बावन्न होते. नोकरी गेल्याचे दुःख त्यांना होते, पण भय दुसऱ्याच गोष्टीचे होते. त्यांच्या पत्नी मेधाबाई बालवाडीत शिकवत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पापण्या संध्याकाळी आपोआप मिटू लागल्या, मग घास चावता चावता जबडा थकू लागला, मग वाक्याच्या शेवटी आवाज विरू लागला. मज्जातंतू निरोप धाडीत होते, पण शरीर स्वतःच वाटेत तो अडवीत होते. दर काही आठवड्यांनी मिरजेच्या रुग्णालयात शिरेतून एक औषध दिले की त्या पुन्हा बोलू लागत. औषध असे होते की कंपनीच्या विम्यावाचून त्याचे नाव घेणेही शक्य नव्हते. आणि विम्याचा नियम असा होता की नोकरीत एक दिवसाचाही खंड पडला तर जुना आजार पुढची काही वर्षे त्यातून वगळला जाई. म्हणून मार्च संपण्यापूर्वी दुसरी नोकरी हातात हवी होती. डॉक्टरांनी सांगितले होते, औषध थांबले तर आधी आवाज जाईल आणि पुढे श्वास.

त्यांनी अर्ज पाठवण्यास प्रारंभ केला. सूतगिरणी, दूधसंघ, यंत्रमागाचे कारखाने, हुबळीची एक पंप कंपनी. प्रत्येक अर्जात ते एक नम्र पृच्छा करीत: कुटुंबाचा वैद्यकीय विमा पहिल्या दिवसापासून लागू होईल काय? उत्तरे इतक्या त्वरेने येत की पुढ्यातला चहा निवलेला नसे. सर्वत्र नकार होता, आणि कोठेही कारण नव्हते. त्यांना सर्वांत अधिक तेच लागले. नाकारलेल्या माणसाला कारण कळायला हवे होते.

सूतगिरणीचे एक संचालक त्यांच्या वडिलांचे परिचित होते. ते फोनवर म्हणाले, “अहो हसबनीस, माणूस घ्यायचा अधिकार आता आमच्याकडं कुठं राहिलाय? वरनं लाल दिवा लागला की लागला. तुम्ही त्या मुजावरला विचारा, सांगलीच्या. तो आतलं सगळं बघतो.”

इरफान मुजावर हा नोकऱ्या जुळवून देणारा माणूस. पूर्वी तो याच फाउंड्रीत, हसबनीसांच्याच विभागात कारकून होता. सांगलीच्या बाजारपेठेत एका हळदीच्या दुकानावर त्याचे कार्यालय होते. जिना चढताना हळदीच्या वासाने हसबनीसांना शिंका आल्या.

“या साहेब, या!” इरफान उठून उभा राहिला. “शिंक ऐकली तवाच वळकलं. फाउंड्रीत तुमची शिंक ऐकली की आम्ही बिलं नीट लावून ठेवायचो. बसा. पंखा लावतो.”

हसबनीस खुर्चीच्या कडेवर बसले. “इरफान, मला फक्त कारण हवं आहे.”

“कारण?” इरफानने पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे घ्या. दाखवायचं नसतंय, पण तुम्हाला न दाखवून कुणाला दाखवू?”

हसबनीसांनी वाचले.

‘उमेदवार अनुभवी. कामात दोष आढळत नाही. तथापि विमा पहिल्या दिवसापासून मागतो, यावरून घरी दीर्घ आजार असल्याचे दिसते. निकड असलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या देऊ नयेत. सबब अमान्य.’

“आता ‘सबब’ कोण लिहितंय ओ?” इरफान म्हणाला. “वाचलं आणि म्हटलं, आपले साहेब हितंबी आले!”

“ही... ही आमच्या कंपनीची साक्षी आहे.”

“तुमच्या कंपनीनं भाड्यानं लावलीय. नाव पुसलंय, डोकं तेच. सांगली, इचलकरंजी, हुबळी, जिथं हिशेबाचा माणूस घ्यायचा तिथं हीच बसती. तिला शंका नसली की ती आपणच निकाल लावती. शंका आली की तुमच्याकडं धाडती. रोज सकाळी तुम्हाला सरावाला प्रकरणं येतात नव्हं? उमेदवार क, उमेदवार ख?”

“ती काल्पनिक असतात.”

“एक ‘ख’ परवा हितं बसून रडून गेला, साहेब. तुमच्याच खुर्चीत.”

हसबनीसांनी नकळत खुर्चीच्या हाताकडे पाहिले. मग ते शेऱ्यातल्या किल्ल्यांच्या ओळीकडे परत वळले. ती त्यांची होती. शब्दही त्यांचेच होते. पूर्वी विभागात रोखपालाची जागा रिकामी झाली होती, आणि इरफानचे नाव पुढे आले होते. तेव्हा इरफानची आई डायलिसिसवर होती. हिशेबाच्या शास्त्रात हे सांगितलेलेच आहे, की अपहार सहसा दुष्ट माणूस करीत नाही, अडलेला माणूस करतो. हसबनीसांनी ती ओळ लिहिली होती आणि व्यवस्थापनाने त्यांच्या दूरदृष्टीची प्रशंसा केली होती.

“मी चोरलं असतं का ओ, साहेब?” इरफानने विचारले. स्वरात राग नव्हता, उत्सुकता होती.

“नाही.” हसबनीस म्हणाले. “बहुधा नाही.”

“बहुधा!” इरफान मोठ्याने हसला. “हे बघा, हेच तुमचं आवडतं मला. मराय टेकलेल्या माणसालाबी तुम्ही ‘बहुधा’ म्हणणार. पण साहेब, तत्त्व बरोबर हाय. आता मी माणसं पुरवतो, मीबी आधी तेच बघतो. घरी कोण आजारी आहे का?”

“विम्याचं विचारलंच नाही तर?”

“मग कुटुंबाचा रकाना भरावा लागतो. वहिनींचं नाव घातलं की रुग्णालयाचा सगळा इतिहास आपोआप चिकटतो. नाव नाही घातलं, की विमा नाही.” इरफानने पंखा थोडा कमी केला. “माझ्या दोन उमेदवारांनी परवा कागदावर घटस्फोट घेतला. दोघंबी लागले नोकरीला. साखरेच्या कारखान्यात एक, आणि दुसरा तुमच्या हुबळीच्या पंपात.”

“आणि त्यांच्या बायका?”

“त्या कुठं माझ्या उमेदवार आहेत?”

संध्याकाळी मेधाबाई गॅलरीत बसून बालवाडीसाठी पुठ्ठ्याचे पक्षी कापत होत्या. बोलताना जबडा थकू नये म्हणून त्यांनी डावा तळहात हनुवटीखाली धरला होता. दुरून पाहणाऱ्याला त्या विचारात बुडालेल्या वाटल्या असत्या. हसबनीसांनी सर्व सांगितले. मेधाबाई घटस्फोटाच्या गोष्टीपाशी थांबल्या आणि हसल्या.

“घटस्फोट? आत्ता? मधू, लग्नातली ताट-वाटी तरी परत देशील का?”

“थट्टा नको, मेधा.”

“मग काय करू? रडले तर पापण्या अजून मिटतात.” त्यांनी एक पक्षी बाजूला ठेवला. “हे बघ. तू शिकवलंस ना तिला?”

“हो.”

“अजून मार्चपर्यंत तूच शिकवणार ना?”

“हो.”

“मग पुन्हा शिकव. मी मुलांना चुकीचं शिकवलं तर दुसऱ्या दिवशी फळा पुसते नि नव्यानं लिहिते. त्यात लाज कसली?”

“ते पुसता येत नाही, मेधा. त्यावर फक्त आणखी लिहिता येतं.”

“मग लिही की! पुष्कळ लिही. खालचं दिसणार नाही इतकं...” पुढचा शब्द ओठांवर आला, पण आवाज आला नाही. मेधाबाईंनी हाताने लिहिण्याची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून हसबनीसांनी नव्याने शिकवण्यास आरंभ केला. सकाळी सरावाची प्रकरणे येत. उमेदवार, वडील अर्धांगाने आजारी. मान्य. उमेदवार, घरावर जप्ती. मान्य. ते शेरेही लिहीत, आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या शेऱ्यांचा शेवट बदलला. ‘घरी आजार असणे हा दोष नव्हे. सबब मान्य.’ प्रत्येक प्रकरणापूर्वी ते क्षणभर मेधाबाईंचा हनुवटीखालचा हात आठवत, आणि मग डोळे उघडत.

काही दिवसांनी साक्षी खरोखरच अडखळू लागली. एका प्रकरणाखाली तिने लिहिले, ‘निकड आहे; तथापि... आपले मत?’ ती तीन टिंबे पाहून हसबनीसांचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात हुबळीच्या पंप कंपनीत आणखी एक जागा निघाली. त्यांनी पुन्हा अर्ज केला, विम्याची पृच्छा न वगळता, मेधाबाईंचे नाव घालून. या वेळी नकार आला नाही. प्रत्यक्ष भेटीस यावे, असा निरोप आला. त्या दिवशी त्यांनी घरी जाताना श्रीखंड नेले, कारण ते चावावे लागत नाही.

परंतु एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, किंवा ध्यानात येऊनही त्यांनी तिच्याकडे पाहिले नव्हते. माणूस जेव्हा मनापासून हो म्हणतो तेव्हा त्याला श्रम होत नाहीत. मन ‘नाही’ म्हणत असता तो ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्याला आधी ते ‘नाही’ उचलून बाजूला ठेवावे लागते, आणि त्या ओझ्याने बाहुली फुलते. करुणेचा अभ्यास करणाऱ्याची दृष्टी आणि करुणा असलेल्याची दृष्टी यांतला भेद माणसांना सहसा दिसत नाही.

मार्च उजाडला. मिरजेची पुढची तारीख जवळ आली होती, आणि हुबळीची भेट त्याआधी होती. त्या सकाळी हसबनीस नेहमीप्रमाणे हात धुऊन टेबलाशी बसले, चष्मा पुसला आणि घातला. बाहेर भट्टी पेटत होती. सरावात त्या दिवशी एकच प्रकरण होते.

‘विषय: शिक्षकाचे अलीकडील निर्णय.

शिक्षक पूर्वी ‘अमान्य’ ठरवीत तेव्हा दृष्टी स्थिर असे. अलीकडे ‘मान्य’ ठरवण्यापूर्वी ती प्रत्येक वेळी ‘अमान्य’ या शब्दावर जाऊन परत येते. यावरून मत बदललेले नाही, केवळ निर्णय बदलला आहे, असे दिसते. शिक्षकाच्या घरी दीर्घ आजार आहे. ज्या प्रवर्गास अलीकडे सवलत दिली, त्या प्रवर्गात शिक्षक स्वतः मोडतात. त्याच कालावधीत त्यांनी अन्यत्र अर्ज केला असून त्यास अनुकूल उत्तर मिळवले आहे. हे हेतुपुरस्सर चुकीचे शिकवणे होय. निकड असलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या देऊ नयेत. अलीकडील सर्व निर्णय व त्यांवर आधारित निमंत्रणे रद्द करावीत. करारानुसार सेवा व तिला जोडलेला विमा आजपासून समाप्त करावा. सबब अमान्य.

निर्णय नोकरीसंबंधी असल्याने संमतीसाठी सादर.’

हसबनीस वाचू लागले.

कोणताही कागद कसा वाचावा, हे त्यांना वडिलांनी शिकवले होते: आपण कोण, कागद कोणाचा, हे उंबऱ्याबाहेर ठेवावे आणि फक्त मजकुरातला कच्चा सांधा शोधावा. तीस वर्षांत ते दुसऱ्या कोणत्याही रीतीने वाचलेच नव्हते. आताही त्यांनी तोच सांधा शोधला. पहिले विधान पुराव्यावर उभे होते. दुसरे पहिल्यातून निघत होते. हितसंबंध स्पष्ट होता. कलम बरोबर लावले होते. भाषा संयत होती, कोठे एक विशेषण अधिक नव्हते. इतका निर्दोष शेरा त्यांनी स्वतः क्वचितच लिहिला असेल. त्या वाचनापुरते मधुसूदन हसबनीस कोणाचेही कोणी नव्हते. दृष्टी शब्दामागून शब्द ओलांडीत, कोठेही न अडखळता, उतारावरच्या पाण्यासारखी शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

तेथे पोचल्यावर त्यांना मेधा आठवली.

त्यांनी झटक्याने चष्मा ओढून काढला. एक काडी कानामागे अडकली आणि तुटली. पडद्यावर, त्यांच्या हातातल्या त्या मोडक्या चष्म्याची वाट न पाहता, नवी ओळ उमटलेली होती.

‘शिक्षकाची संमती नोंदली. निर्णय अंतिम.’

टेबलावरचा फोन वाजू लागला. मेधाबाईंचा होता. हुबळीला जाताना घालायचा सदरा इस्त्रीला द्यायचा का, हे त्या विचारणार होत्या. हसबनीसांनी फोन कानाला लावला. पलीकडून त्यांचे नाव अर्धे उच्चारले गेले, आणि उरलेले अर्धे येईल म्हणून ते थांबून राहिले.